फाइलींना कुलूप लागलंय? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

सकाळी दिवाणजी संगणक सुरू करतात तर टॅली कंपनीच दाखवत नाही. एक्सेलच्या हिरव्या चिन्हाच्या जागी कोरा पांढरा कागद, प्रत्येक फाइलच्या नावामागे चार अनोळखी अक्षरं, आणि फोल्डरा-फोल्डरात एक इंग्रजी चिठ्ठी: फाइली परत हव्या असतील तर डॉलर मोजा. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो की नवी पेठेतलं दुकान, पुढचा प्रसंग ठरलेला. ओळखीच्या संगणकवाल्या पोराला फोन जातो. तो येऊन म्हणतो, "व्हायरस आलाय मालक, फॉरमॅट मारावं लागंल." तासाभरात नवीकोरी विंडोज चालू होते.

व्हायरस गेला हे खरं. पण फाइली जिथून परत आल्या असत्या अशा चार-पाच जागाही त्याच तासात पुसल्या गेल्या. रॅन्समवेअरचं, म्हणजे फाइली बंद करून खंडणी मागणाऱ्या अशा व्हायरसचं, कुलूप तोडून फाइल मिळाली असं क्वचित घडतं. फाइल मिळते ती कुलूप पोचलं नाही अशा कोपऱ्यातून. ते कोपरे कोणते आणि ते शाबूत कसे ठेवायचे, एवढाच या लेखाचा विषय.

कुलूप का तुटत नाही

सिद्धेश्वराच्या देवळातली दानपेटी डोळ्यापुढे आणा. फटीतून चिठ्ठी कुणीही टाकू शकतो, पण बाहेर काढायची तर पेटीची किल्लीच लागते. रॅन्समवेअर तुमच्या संगणकावर बसून एक ताजी किल्ली बनवतो, तिने फाइल बंद करतो, ती किल्ली अशा पेटीत टाकतो आणि स्वतःजवळची प्रत पुसतो. पेटी तुमच्याच फाइलीच्या शेपटीला बांधलेली असते. म्हणजे किल्ली तुमच्या घरातच असते, फक्त पेटी उघडणारा गुन्हेगार दूर कुठेतरी असतो.

ही पेटी बहुधा २०४८ बिटांच्या आरएसए पद्धतीची असते: एका प्रचंड आकड्याचे गुणक शोधले तरच ती फुटते. जगभरच्या गणितज्ञांनी २०२० पर्यंत जोर लावून फोडलेला या जातीचा सगळ्यात मोठा आकडा ८२९ बिटांचा. तेव्हा "आमच्याकडे कोणतंही कुलूप तोडायचं सॉफ्टवेअर आहे" असं कुणी छातीठोक सांगितलं, तर तो पेटी फोडणार नाही. तो गुपचूप गुन्हेगाराशी घासाघीस करणार आणि वर आपली दलाली लावणार, असं धरून चाला.

मग मोफत डिक्रिप्टर, म्हणजे कुलूप उघडून देणारी साधनं, कुठून येतात? तीन वाटांनी: लिहिणाऱ्याने किल्ली बनवण्यात चूक केली, पोलिसांनी टोळीचा सर्व्हर ताब्यात घेतला, किंवा टोळीनेच धंदा बंद करताना किल्ल्या जाहीर केल्या. टेस्लाक्रिप्टने २०१६ च्या मे महिन्यात असंच केलं होतं.

पहिला तास

लॅनची वायर काढा, वाय-फाय बंद करा. बाहेरची हार्ड डिस्क आणि पेन ड्राइव्ह उपसा. ऑफिसात सामाईक फोल्डर असेल तर बाकीच्या संगणकांच्या वायरीही काढा. कोणत्या मशीनवरून सुरुवात झाली ते नंतर बघता येईल.

मग एक गोष्ट ताडायची: काम अजून चालू आहे का? काही फाइली धड दिसतायत आणि पाच मिनिटांनी त्यांचीही नावं बदलली, तर विचार न करता पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. सगळं आधीच आटोपलेलं असेल तर मशीन हायबरनेट करा, म्हणजे मेमरीत जे आहे ते डिस्कवर उतरतं. क्वचित प्रसंगी त्या मेमरीतच किल्लीचे तुकडे सापडतात. १२ मे २०१७ ला पसरलेल्या वॉनाक्रायच्या वेळी 'वानाकीवी' नावाचं साधन नेमकं याच आधारावर चाललं, आणि तेही मशीन रीस्टार्ट झालं नसेल तरच.

हायबरनेट करण्याआधी चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो घ्या. एकदा मशीन बंद झालं की ती विंडोज पुन्हा चालू करू नका. घरगुती आणि छोट्या ऑफिसांच्या संगणकांवर अनेक वर्षं धुमाकूळ घातलेला 'स्टॉप-डेजावू' हा प्रकार 'टाइम ट्रिगर टास्क' नावाचं काम विंडोजमध्ये लावून ठेवतो. ते दर पाच मिनिटांनी जागं होतं. तुम्ही बॅकअपचा पेन ड्राइव्ह लावला रे लावला, की तोही बंद.

अँटीव्हायरस चालवायची घाईही नको. तो चिठ्ठ्या आणि आयडीच्या फाइली उचलून फेकतो, आणि ओळख पटवायला त्याच लागतात.

आता डिस्क बाहेर काढून तिची अख्खी प्रत घ्यायची. निवडक फाइली कॉपी करून भागत नाही, रिकामी दिसणारी जागासुद्धा त्या प्रतीत यायला हवी. क्लोनझिला हे मोफत साधन पेन ड्राइव्हवरून चालतं, पण ते एरवी वापरातलीच जागा उतरवतं, म्हणून एक्स्पर्ट मोडमधला 'क्यू१' (सेक्टरमागून सेक्टर) पर्याय निवडा. मूळ डिस्कएवढी किंवा मोठी दुसरी डिस्क लागते. यूएसबी ३ वर सेकंदाला १०० मेगाबाइटचा वेग धरला तर १ टेराबाइटला पावणेतीन तास. जुन्या यूएसबी २ च्या खोक्यातून आठ-नऊ तास जातात, म्हणून रात्री लावून जा. इथे दोन घोटाळे हमखास होतात. पहिला म्हणजे मूळ आणि नवी डिस्क यांची अदलाबदल: कोऱ्या डिस्कची प्रत मूळ डिस्कवर चढते आणि खेळ खलास. नुसत्या आकारावर विसंबू नका, डिस्कच्या लेबलवरचा सीरियल नंबर पडद्यावरच्याशी जुळवा. दुसरा घोटाळा बिटलॉकरचा, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या डिस्क-कुलपाचा. अलीकडच्या विंडोज ११ लॅपटॉपवर तो न सांगता चालू असू शकतो, आणि डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, आधी शोधून ठेवा.

पुढचे सगळे प्रयोग प्रतीवर. मूळ डिस्क कपाटात.

कोणता आहे ते ओळखा

'नो मोअर रॅन्सम' हे संकेतस्थळ युरोपोल, डच पोलीस आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी जुलै २०१६ मध्ये सुरू केलं. तिथे 'क्रिप्टो शेरीफ' या पानावर चिठ्ठी आणि एक-दोन बंद फाइली चढवल्या की प्रकार कळतो आणि डिक्रिप्टर असेल तर दुवा मिळतो. 'आयडी रॅन्समवेअर' नावाचं दुसरं संकेतस्थळही हेच करतं. ग्राहकाची गोपनीय फाइल चढवू नका. एखादा जुना दरपत्रकाचा कागद पुरे.

सोलापुरातल्या छोट्या पेढ्यांनी दोन घराणी नीट ओळखायला शिकावीत. पहिलं वर आलेलं डेजावू. हे क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून येतं: फुकटचं फोटो एडिटिंग, चोरीचं ऑफिस, "लायफटाइम ॲक्टिव्हेटर". चिठ्ठीचं नाव '_रीडमी.टीएक्सटी'. मागणी ९८० डॉलर आणि ७२ तासांत दिले तर निम्मे, म्हणजे ४९०. पुढच्या काही आवृत्त्यांत ९९९ आणि ४९९. चालू असताना विंडोज अपडेटची खोटी खिडकी दाखवतं, त्यामुळे माणूस निवांत चहा पीत बसतो.

डेजावूमध्ये सगळं एका आयडीवर अटकतं. सी ड्राइव्हवर 'सिस्टिमआयडी' फोल्डरात 'पर्सनलआयडी' नावाची फाइल असते. तिथला आयडी 'टी१' या दोन अक्षरांनी संपत असेल तर नशीब. याचा अर्थ त्या वेळी त्याला आपल्या सर्व्हरशी बोलता आलं नाही, म्हणून त्याने पोटात ठेवलेली ठरावीक किल्ली वापरली. ती त्या आवृत्तीच्या सगळ्या बळींना एकच. कुणा एकाकडून ती मिळाली की सगळ्यांना लागू. म्हणजे त्या वेळी नेट गेलेलं असणं ही आयुष्यात एकदाच कामी येणारी गैरसोय. एम्सिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीचा मोफत डिक्रिप्टर अशाच किल्ल्या आपल्या सर्व्हरवरून आणतो, म्हणून तो चालवताना नेट लागतं. आधी दहा फाइलींच्या प्रतीवर चालवा आणि 'बंद फाइली ठेवा' हा पर्याय काढू नका. आयडी 'टी१' ने संपत नसेल तर किल्ली फक्त तुमच्यासाठी बनलेली आहे आणि डिक्रिप्टर तसं स्पष्ट सांगतो. चारदा चालवून उत्तर बदलत नाही.

डिक्रिप्टर घ्यायचा तो मूळ संकेतस्थळावरूनच. २०२० मध्ये 'झोराब' नावाचा रॅन्समवेअर डेजावूचा डिक्रिप्टर म्हणूनच फिरत होता. चालवला की बंद फाइलींवर आणखी एक कुलूप.

दुसरं घराणं फोबोस, धर्मा यांचं. मालकाला घरून टॅली बघता यावं म्हणून राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा (दुरून संगणक चालवण्याच्या सोयीचा) ३३८९ पोर्ट, म्हणजे नेटवरून आत यायचं दार, उघडा ठेवलेला असतो आणि पासवर्ड फर्मचं नाव अधिक १२३. हे लोक त्यातून हाताने आत शिरतात, बहुधा रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी, आणि आधी बॅकअप शोधून तोच मारतात. फाइलच्या नावापुढे आयडी आणि ईमेल पत्ता कंसात दिसतो. फोबोस आणि त्याच्या गोतातला 'एटबेस' यांच्यासाठी जपानच्या पोलिसांनी जुलै २०२५ मध्ये मोफत डिक्रिप्टर दिला. तो 'नो मोअर रॅन्सम'वर आहे.

पहिले १५० किलोबाइट

डेजावूला घाई असते. मालकाच्या लक्षात यायच्या आत लाखभर फाइली उरकायच्या, म्हणून तो अख्खी फाइल बंद करत बसत नाही. सुरुवातीचे १,५३,६०५ बाइट, म्हणजे साधारण १५० किलोबाइट, एवढाच त्याचा घास. लहान फाइल पूर्ण जाते. मोठी फाइल मात्र डोकं झाकलेल्या माणसासारखी असते: चेहरा दिसत नाही, बाकी सगळं धड.

टॉवेल-चादरीच्या धंद्यात याचा मोठा फायदा एका जागी होतो, तो जकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाच्या, डिझाइनमध्ये. बरेच डिझायनर काम बीएमपी फाइलीत ठेवतात. बीएमपी म्हणजे कागदावरच्या चौकटींसारखं: एक ठिपका म्हणजे एका हुकाची (उभे धागे उचलणारा) आणि एका पिकची (आडवा धागा) गाठ, ओळीमागून ओळ, काही दाबून-चेपून न ठेवता. २६८८ हुकांच्या जकार्डसाठी ४००० पिकचं ८ बिटी (एका ठिपक्याला एक बाइट) डिझाइन धरा. एका ओळीला २६८८ बाइट. सुरुवातीला ५४ बाइटांचा मथळा आणि १०२४ बाइटांचा रंगांचा तक्ता, मिळून १०७८. अख्खी फाइल सुमारे १०.७५ मेगाबाइट. रॅन्समवेअरने खाल्लेल्या भागातून मथळा-तक्ता वजा केला तर डिझाइनच्या फक्त ५७ ओळी बिघडल्या. चार हजारांपैकी सत्तावन्न! शिवाय बीएमपी खालून वर लिहिली जाते, त्यामुळे बिघाड डिझाइनच्या तळाशी येतो. तिथे बहुधा किनार किंवा साधी जमीन असते, आणि ती वरच्या टोकाकडून उचलून लावता येते.

कृती अशी. बंद फाइलीची प्रत घ्या आणि नावामागची चार अक्षरं काढा. (नुसतं नाव बदलून फाइल उघडत नाही, हे लोक शंभर वेळा करून बघतात.) डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये तेवढेच हुक, तेवढेच पिक आणि तेच रंग घेऊन एक कोरं ८ बिटी डिझाइन बनवून बीएमपी म्हणून साठवा. एचएक्सडी या मोफत हेक्स एडिटरमध्ये (तो फाइलीतले बाइट थेट दाखवतो) दोन्ही उघडा. कोऱ्या फाइलीचे पहिले १०७८ बाइट कॉपी करून बंद फाइलीच्या सुरुवातीला कंट्रोल-बी ने चिकटवा. कंट्रोल-व्ही ने चिकटवलं तर ते मधे घुसतात, पुढचं सगळं १०७८ घरं सरकतं आणि चित्र आडवं सरकून दोन तुकड्यांत फाटतं. साठवून उघडा: तळाशी रंगीत मुंग्यांचा पट्टा, वर तुमचं डिझाइन.

पिक आठवत नसतील तर फाइलीच्या एकूण बाइटांतून १०७८ वजा करून २६८८ ने भागा. पूर्ण भाग म्हणजे पिक. बाकी उरते ती रॅन्समवेअरने शेपटीला बांधलेली पेटी. रंगांचा तक्ता चुकला तर आकार बरोबर येतो पण रंग भलतेच दिसतात. घाबरू नका, त्याच ग्राहकाच्या दुसऱ्या धड डिझाइनचा तक्ता लावून बघा.

लग्नाच्या व्हिडिओंनाही हाच न्याय. एमपी४ फाइलींसाठी 'मीडिया रिपेअर' हे मोफत साधन आहे. त्याला त्याच कॅमेऱ्याने त्याच सेटिंगवर काढलेली एक धड क्लिप नमुना म्हणून द्यावी लागते. कॅननच्या सीआर२ किंवा निकॉनच्या एनईएफ फाइलींच्या पोटात जेपीईजी दडलेला असतो, आणि तो काही वेळा १५० किलोबाइटच्या पलीकडे सापडतो. झिप फाइलीत सुरुवातीच्या एक-दोन वस्तू जातात, बाकीच्या निघतात. साध्या जेपीईजीचं मात्र जमेलच असं नाही: वरची पट्टी जाते, रंग सरकतात. वर्ड-एक्सेलच्या बहुतेक फाइली १५० किलोबाइटपेक्षा लहानच असतात, त्यांचा नाद सोडा आणि पुढचं बघा.

पुसलेलं, विसरलेलं, दुसऱ्याकडे असलेलं

विंडोज स्वतः अधूनमधून डिस्कच्या सावली प्रती ठेवते. रॅन्समवेअर त्या पुसतो, पण पुसायला ॲडमिनची परवानगी लागते. त्या वेळी उगवलेल्या खिडकीत कुणी 'नाही' दाबलं असेल तर त्या शिल्लक असू शकतात. 'शॅडो एक्सप्लोरर'मध्ये दोन मिनिटांत कळतं.

एक्सेल किंवा वर्ड प्रत्येक वेळी साठवताना नवी फाइल लिहून जुनी पुसतं. त्यामुळे फिरत्या हार्ड डिस्कच्या 'रिकाम्या' जागेत गेल्या आठवड्याची आवृत्ती पडलेली असण्याचा संभव चांगला. फोटोरेक हे मोफत साधन ती उकरून काढतं. नावं जातात, हजारो फाइलींचा ढिगारा मिळतो, पण आत डोकावून ओळखता येतात. एसएसडीवर हा मार्ग जवळजवळ बंद, कारण ट्रिम नावाच्या आपोआप सफाईमुळे पुसलेली जागा ती स्वतःच रिकामी करून टाकते. फॉरमॅट मारलेल्या डिस्कवर नवी विंडोज नेमकी याच जागेवर पसरते, आणि त्या पोराला पहिल्या दिवशी थांबवायचं ते यासाठी.

गूगल ड्राइव्ह संगणकाशी जोडलेला असेल तर बंद फाइली वरही चढतात. मोबाइलवरून ड्राइव्ह उघडा: मूळ फाइली बिनमध्ये ३० दिवस राहतात, आणि त्याच नावाने बदललेल्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्याही साधारण तेवढेच दिवस. मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वर्गणी असेल तर अख्खा वनड्राइव्ह गेल्या ३० दिवसांतल्या एखाद्या क्षणावर मागे नेता येतो. इथे मात्र दिवस मोजून राहा.

टॅलीचं वेगळं सांगायला हवं. कंपनीचा डेटा 'डेटा' फोल्डरातल्या १०००० सारख्या आकडी नावाच्या फोल्डरात असतो, आणि त्यातल्या फाइली एकमेकींवर अवलंबून. एका-दोन बंद झाल्या तरी कंपनी उघडत नाही, आणि टॅलीचं रिपेअर डोकं उडालेल्या फाइलीला पुरत नाही. त्यात दिवस घालवण्यापेक्षा सीएंना फोन करा. ऑडिटसाठी त्यांनी ३१ मार्चचा डेटा नेलेला असतोच. तो वेगळ्या फोल्डरात रिस्टोअर करा. पुढचे महिने जीएसटी पोर्टलवरून उभे करायचे: विक्री जीएसटीआर-१ मधून, खरेदी जीएसटीआर-२बी मधून, वाहतूक ई-वे बिलांतून, पैसे बँकेच्या स्टेटमेंटमधून. टॅलीप्राइम ४.० पासून व्हाउचर एक्सेलमधून आत घेता येतात, त्यामुळे सगळं हाताने बडवावं लागत नाही. रोखीचा व्यवहार आणि कामगारांची उचल तेवढी वहीतून.

आणखी कुठे? इलेक्ट्रॉनिक जकार्डच्या कंट्रोलरमध्ये आणि मागावर न्यायच्या पेन ड्राइव्हमध्ये विणकामाची फाइल असते. मूळ रंगीत डिझाइन नसलं तरी माग थांबत नाही. जीमेलच्या सेंटमध्ये कोटेशनं. दिवाणजींच्या मोबाइलवरच्या व्हॉट्सॲप डॉक्युमेंट्समध्ये, पार्टीला पाठवलेल्या बिलांत, वर्षभराचा अर्धा कारभार निघतो. फोटोग्राफरने कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलं असेल आणि पुन्हा वापरलं नसेल तर फोटोरेकला फोटो सापडतात.

तक्रार, पासवर्ड, नवी विंडोज

तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच. शहरात असाल तर सोलापूर शहर पोलिसांचं सायबर ठाणं. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटकरांनी ग्रामीण पोलिसांकडे जावं. कंपन्यांनी असा हल्ला कळल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा) कळवायचा, असा २८ एप्रिल २०२२ चा आदेश आहे. खंडणी देऊ नये असं आमचं मत. पैसे घेऊन किल्ली न देणाऱ्याची तक्रार कुठे करणार?

डेजावू स्वतःबरोबर पासवर्ड चोरणारा साथीदारही आणतो. ब्राउझरमध्ये जतन केलेले मेल, नेट बँकिंग, जीएसटीचे पासवर्ड गेलेच असं समजून दुसऱ्या स्वच्छ मोबाइलवरून बदला. बाधित विंडोजवर बसून बदललेले पासवर्डही जाऊ शकतात. अँटीव्हायरसवाल्यांची संकेतस्थळं उघडत नसतील तर त्याने 'होस्ट्स' फाइलीत त्यांची वाट अडवलेली असते.

प्रत झाली, पडताळून पाहिली, की मग खुशाल फॉरमॅट मारा, आणि तो शक्यतो नव्या डिस्कवर. ३३८९ बंद, क्रॅक नको, बॅकअपची डिस्क काम झालं की उपसून ठेवायची.

मूळ डिस्कवर कागद चिकटवा: तारीख, कोणत्या मशीनची, फाइलीमागची अक्षरं, पूर्ण आयडी. चिठ्ठीची छापील प्रत सोबत. फोबोसने २०१९ मध्ये बंद केलेल्या फाइली ज्यांनी अशा जपल्या, त्यांना सहा वर्षांनी साधन मिळालं. दर दिवाळीला वह्या बदलताना 'नो मोअर रॅन्सम'वर आपल्या प्रकाराचं नाव एकदा टाकून बघायचं, पाच मिनिटांचं काम आहे.